युरोपचा कार्बन कर, रबाळ्याचे बोल्ट आणि वाटाघाटीत आपण मागायचं काय?

रबाळेकर:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, नट-बोल्ट आणि स्टड बनवतो. वायर रॉडची कॉइल येते, ती ड्रॉ करायची, मग हेडिंग, थ्रेड रोलिंग, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग जॉबवर्कला बाहेर. थोडा माल जर्मनीला जातो, गिऱ्हाईक जुनं आहे, माणूस चांगला आहे. पण हल्ली त्याची मेल आली की भावाचं बोलणं शेवटी, आधी प्रश्न हाच की एक टन बोल्टमागे किती टन कार्बन डायऑक्साइड निघाला ते कळवा, आणि सोबत एक भलीमोठी एक्सेल शीट.

हा तो सीबीएएम, युरोपने सीमेवर लावलेला कार्बन कर. ऑक्टोबर २०२३ पासून नुसता रिपोर्ट द्यायचा होता, १ जानेवारी २०२६ पासून खरा हिशोब चालू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज यांना लागू. आणि नुसत्या कच्च्या पोलादाला नाही बरं का, कस्टम्सचा ७३१८ म्हणजे आमचा नट-बोल्टचा अख्खा कोडच त्या यादीत बसलाय.

विचारायचंय दोन गोष्टी. हा आकडा आमच्यासारख्याने काढायचा कसा, ज्यांनी काढलाय त्यांनी सांगा. आणि दुसरं म्हणजे, हे खरंच हवामानासाठी आहे का त्यांच्या गिरण्या वाचवायला? आपली माणसं त्यांच्यासमोर टेबलावर बसतात तेव्हा त्यांनी नेमकं काय मागावं? माझं मत आधीच सांगून टाकतो. धुराला किंमत लागली पाहिजे, त्यात वाद नाही. पण इथल्या मालावरची वसुली युरोपच्या तिजोरीत का जावी? ती इथल्या भट्ट्या बदलायला लागली पाहिजे.

निवांत_कोपरी:
जागा धरून बसलोय. रविवारचा चहा या धाग्यावरच.

अनघा_ऐरोली:
मी न्हावाशेव्याला एका सीएचएकडे (कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटकडे) काम करते, रोज हेच बघतेय म्हणून थोडं सांगते. पहिली गोष्ट म्हणजे हा कर तुमच्याकडून कोणी घेणार नाही. शिपिंग बिल नेहमीसारखंच होणार. तिकडचा आयातदार या करापोटी सर्टिफिकेटं विकत घेणार, २०२६ मध्ये आलेल्या मालाची सर्टिफिकेटं फेब्रुवारी २०२७ पासून विकायला निघतील आणि वर्षाचं डिक्लरेशन ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत. म्हणजे आत्ता त्याच्या खिशातून काही गेलेलं नाही, पण अंगावर किती येणार ते त्याला माहीत नाही, म्हणून तो तुमच्या मागे लागलाय.

दुसरं, ५० टनांची सूट. आमच्याकडे रोज कोणीतरी खुश होऊन फोन करतं की आमचा माल तर वर्षाला चाळीसच टन जातो, आम्ही सुटलो. तसं नाही हो ते! ती सूट आयातदाराला आहे. त्याने वर्षभरात चीन, तुर्कस्तान, तैवान, रबाळे असं सगळीकडून मिळून किती आणलं ते धरतात.

रबाळेकर:
धन्यवाद अनघाताई. आमचं गिऱ्हाईक ५० टन बहुतेक एका महिन्यातच ओलांडत असेल, तेव्हा सूट विसरलो.

तळोजा_भट्टी:
आकड्याबद्दल. आमची तळोज्याला इंडक्शन फर्नेस (भंगार वितळवणारी विजेची भट्टी) आणि रीरोलिंग आहे, हा व्याप आमच्या मागे दोन वर्षं लागलाय.

तुमच्या कारखान्यात जे घडतं त्याचा वाटा अगदीच कमी निघेल. फार तर हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला लागणारा गॅस, बास. खरा आकडा तुमच्या दारात कॉइलबरोबरच येतो. ब्लास्ट फर्नेसच्या पोलादाला टनामागे दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड, भंगार वितळवून केलेल्याला त्याच्या कितीतरी कमी. कॉइलला जो पत्र्याचा टॅग तारेने बांधलेला असतो ना, त्यावरचा हीट नंबर (पोलाद कुठल्या वितळवणीतलं ते सांगणारा) टिपून ठेवा, टॅग फेकून देऊ नका. त्या नंबरवरून पोलाद बनवणाऱ्या मिलकडे मागायचं की या मालाचं उत्सर्जन किती. डीलरकडून घेत असाल तर कठीण आहे, कारण त्याच्या गोडाऊनला तीन मिलचा माल एकावर एक पडलेला असतो.

आणि अजून एक. शेजारपाजारचे दोन-तीन जण छतावर सोलर लावून बसले की युरोपला दाखवता येईल. सोलर जरूर लावा, वीजबिल कमी होईल, हवाही सुधारेल, पण पोलादाच्या बाबतीत सीबीएएम सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजतो, विजेचं धरतच नाही. म्हणजे आमच्या भट्टीच्या विजेसाठी चंद्रपूर-कोराडीला जळलेला कोळसा या हिशोबात कुठेच नाही, आमचा आकडा कागदावर छान दिसतो. मात्र भंगारात स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता केलेलं लोखंड) मिसळलं की चढलाच, कारण आपल्याकडचं स्पंज बहुतेक कोळशावरचं. हवामानाची काळजी म्हणून जो नियम केला त्यात एवढं मोठं भगदाड आहे, हे मला पटत नाही.

सेक्टर१७:
पण यंदा इतकं घाबरण्यासारखं आहे का? युरोपच्या गिरण्यांना कार्बन सोडायचे जे फुकट परवाने मिळतात ते हळूहळू कमी होणार आणि तेवढाच सीबीएएम वाढणार असं वाचलं. २०२६ ला अडीच टक्के आणि २०३४ ला शंभर. अडीच टक्के म्हणजे किरकोळच की.

मीनल_सीवूड्स:
@सेक्टर१७, इथेच सगळे फसतायत म्हणून सविस्तर लिहिते. माझं काम हेच आहे, कंपन्यांचे हे हिशोब करून देते.

तुमच्या उत्सर्जनाच्या अडीच टक्क्यांवर कर, असं ते नाहीये. त्यांनी एक बेंचमार्क ठरवलाय, चांगल्या गिरणीला एवढंच लागावं असा. त्या बेंचमार्कचे साडेसत्त्याण्णव टक्के यंदा माफ. त्याच्या वर तुमचं जे काही जाईल ते सगळं भरायचं. नुसतं समजायला म्हणून आकडे घ्या: बेंचमार्क टनाला १.४ आणि तुमच्या बोल्टचा आकडा २.४. माफी मिळाली १.३६५ ची, उरलं १.०३५. वीस टनांचा एक कंटेनर म्हणजे २०.७ टन. परवान्याचा भाव ७५ युरो धरला तर साधारण १५५० युरो एका कंटेनरला, आणि हे पहिल्याच वर्षी. दरवर्षी माफी घटत जाणार.

आकडा दिलाच नाही तर? मग ते उत्सर्जनाचा स्वतः ठरवलेला आकडा लावतात, तो मुद्दाम चढा असतो आणि वर वाढीव टक्केही. म्हणून रबाळेकर, तुमचा आकडा वाईट असला तरी द्या. न दिलेला आकडा त्याहून वाईट पडतो.

निवांत_कोपरी:
मीनलताई, ही एक्सेल मराठीत करा हो कोणीतरी, आख्खी टीटीसी इंडस्ट्रीयल एरिया तुम्हाला वडापाव पाठवेल.

वागळे_इस्टेट:
मी आयुष्यभर पोलादाच्या धंद्यात काढलं, आता निवृत्त. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हा संरक्षणवादच आहे, वरून हिरवा रंग दिलाय इतकंच. यांनी दीडदोनशे वर्षं कोळसा जाळून रेल्वे, पूल, जहाजं सगळं बांधून घेतलं. पहिल्या पंगतीत पोटभर जेवून उठायचं आणि शेवटच्या पंगतीला सांगायचं की आता तूप बंद, त्यातली ही गत.

आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. १९९२ च्या हवामान करारात सगळ्यांनी सह्या केल्यात की जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही. त्याच कराराच्या कलम ३.५ मध्ये लिहिलंय की हवामानासाठी म्हणून केलेले उपाय, एकतर्फी उपायसुद्धा, व्यापारात मनमानी भेदभाव किंवा आडून बंदी घालायला वापरू नयेत. पॅरिसला २०१५ मध्ये ठरलं की आपापलं उद्दिष्ट ज्याने त्याने ठरवायचं. आपण निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० सांगितलं, ग्लासगोला, सगळ्या जगासमोर. मग मधल्यामध्ये युरोपने येऊन आमचं वेळापत्रक बदलायचं हे कुठल्या करारात बसतं? पैसे द्यायची वेळ आली की बाकूच्या हवामान परिषदेत वर्षाला ३०० अब्ज डॉलर, तेही २०३५ पर्यंत. आपल्या प्रतिनिधींनी तिथल्या तिथे उभं राहून नाही म्हटलं ते योग्यच केलं.

सेक्टर१७:
वागळेकाका +१

खाडीकिनारा:
काका, तुमचा अनुभव मोठा आहे, कलम ३.५ बद्दल वादच नाही. पण "आमचं वेळापत्रक" म्हणताना आम्ही म्हणजे कोण ते जरा बघू या. संध्याकाळी तळोज्याहून कळंबोलीकडे जाताना श्वास घेऊन बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ठाण्यात आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं, ते २०७० ची वाट बघत नव्हतं. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आली, आपण फ्लेमिंगोचे फोटो टाकले, आणि त्याच वेळी खारफुटीत भराव चालूच. हवामान बदलाचा फटका युरोपच्या आधी आपल्याला बसतोय, म्हणून बाहेरून दट्ट्या आला तर मला त्यात सगळंच वाईट दिसत नाही.

हापूसचं आठवतंय का? मे २०१४ पासून युरोपने फळमाशीच्या कारणावरून आपला आंबा बंद केला होता. तेव्हाही हेच, संरक्षणवाद, अपमान, वगैरे. मग गरम पाण्याच्या प्रक्रियेची सोय झाली, तपासणी कडक झाली, २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. आज वाशीला आंब्यावर प्रक्रिया होते आणि त्याचा फायदा दुसऱ्या देशांत माल पाठवतानाही होतो. ओरडायचं तेवढं ओरडलो, पण नंतर कामही केलं.

रबाळेकर:
खाडीकिनारा, आंब्याचं उदाहरण चांगलं आहे पण माझ्या जागी बसून बघा. बागायतदाराला किंवा निर्यातदाराला त्याची पेटी प्रक्रियेला नेता येते, त्याच्या हातात आहे ते. माझा आकडा माझ्या हातात नाही. मी हेडिंग मशीन बदललं, भट्टी बदलली, काहीही केलं तरी पंचाण्णव टक्के आकडा कॉइलमध्ये बसलाय आणि ती कॉइल बनवणारी मिल माझ्या फोनला उत्तर देत नाही. मी महिन्याला काही टन घेणारा, त्यांना माझी काय पडलीय. म्हणजे दट्ट्या युरोपने मिलला दिला नाही, मला दिला. तुमचं धुराबद्दलचं बोलणं मात्र शंभर टक्के मान्य, माझे कामगारही तीच हवा घेतात.

खाडीकिनारा:
हे मान्य. दट्ट्या चुकीच्या माणसाला बसतोय.

कायद्याचं_बोला:
उशिरा आलो, घोडबंदरला अडकलो होतो (मेट्रोचं काम, असो). व्यापार कायदा शिकवतो, त्यामुळे जरा लांबेल.

डब्ल्यूटीओत म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत जाऊन हे पाडता येईल का? तिथल्या गॅट या व्यापार कराराचं कलम ३ म्हणतं आयात मालाला देशी मालासारखंच वागवा, कलम १ म्हणतं देशादेशांत भेद नको. पण कलम २० मध्ये अपवाद आहेत, माणसा-प्राण्यांचा जीव आणि संपणारी नैसर्गिक साधनं जपण्यासाठी. यावरची गाजलेली केस आपलीच आहे, कोळंबी आणि कासवांची. कासवं वाचवणारी जाळी न वापरता पकडलेली कोळंबी अमेरिकेने बंद केली, तेव्हा भारत, पाकिस्तान, थायलंड आणि मलेशिया एकत्र गेले होते. १९९८ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला, पण कशावर? पर्यावरणाचा हेतू चालेल असं म्हटलं, अंमलबजावणी भेदभावाची होती म्हणून अमेरिका हरली. युरोपने सीबीएएम लिहिताना तो निकाल शेजारी ठेवूनच लिहिलाय हे वाचताना जाणवतं.

आता रशियाने मे २०२५ मध्ये सीबीएएमविरुद्ध तक्रार केलीय. पण अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय, अमेरिका सदस्यच नेमू देत नाही. म्हणजे जिंकलात तरी समोरचा अपिलात टाकतो आणि प्रकरण तिथेच लोंबकळतं. कोर्टाची वाट म्हणावी तशी उरलेलीच नाही.

दबावाने काम होतं, हे २०१२ ला दिसलंय. युरोपने परदेशी विमानांना कार्बन परवाने लावले, भारत आणि चीनने आपल्या विमान कंपन्यांना त्यात भाग घेऊ दिला नाही, त्याआधी सप्टेंबर २०११ ला दिल्लीत विरोधी देशांची बैठकही झाली होती, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने लांब पल्ल्याच्या उड्डाणांपुरतं ते थांबवलं. पण तेव्हा अमेरिकाही विरोधात उभी होती. आज बोल्टसाठी कोण उभं राहणार?

आणि हा व्यापार-हवामानाचा फास एकाच बाजूने आवळतो असंही नाही. आपण सौर मिशनमध्ये देशी पॅनेलची अट घातली तर अमेरिका आपल्याला डब्ल्यूटीओत घेऊन गेली आणि २०१६ ला आपण हरलो. तिथे हवामानाचं कारण चाललं नाही. हा दुजाभाव वाटाघाटीत ठणकावून मांडला पाहिजे असं माझं मत.

वागळे_इस्टेट:
म्हणजे व्यापार आणि पर्यावरण एकत्र बांधलं की गरीब देश मरणार, हेच सिद्ध झालं ना?

कायद्याचं_बोला:
नाही काका, एक बांधणी उत्तम चाललीय. ओझोनचा माँट्रियल करार, १९८७ चा. त्यात तर सरळ लिहिलं होतं की जे देश सामील होणार नाहीत त्यांच्याशी त्या वायूंचा व्यापार बंद. सीबीएएमपेक्षा कडक! तरी भारत १९९२ ला सामील झाला आणि आपण ते पाळलं. कारण विकसनशील देशांना दहा वर्षं जास्त दिली होती, आणि १९९० ला लंडनमध्ये बहुपक्षीय निधी उभा राहिला, कारखाने बदलायचा खर्च त्यातून मिळाला. मुदत आणि पैसा दोन्ही करारातच होतं, आणि करार सगळ्यांनी मिळून लिहिला होता. सीबीएएममध्ये यातलं काहीच नाही.

अनघा_ऐरोली:
हे माहीतच नव्हतं. आमच्या जुन्या फ्रिजच्या मागे गॅसचं नाव लिहिलेलं असायचं ते त्यातलंच का? बाबांनी तो फ्रिज अजून माळ्यावर ठेवलाय.

निवांत_कोपरी:
अनघा, बाबांना म्हणावं तो भंगारात काढा, तळोज्याच्या भट्टीला भंगार हवंच आहे.

तळोजा_भट्टी:
घेतो की. कॉम्प्रेसर वेगळा काढून द्या फक्त, त्यातला गॅस नीट काढून घेणाऱ्याकडूनच.

मीनल_सीवूड्स:
विषयावर येते. युरोपबरोबर मुक्त व्यापार कराराची बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली, २०२२ ला परत सुरू झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. कपडे, चामडं, इंजिनिअरिंग माल, आयातशुल्क उतरणार म्हणून सगळीकडे आनंद. पण सीबीएएम काही उठला नाही. म्हणजे बोल्टवरचं शुल्क एका हाताने कमी होईल आणि कार्बनचा खर्च दुसऱ्या हाताने चढेल. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला, त्यांचाही स्वतःचा सीबीएएम जानेवारी २०२७ पासून येतोय.

हवामान परिषदेत मात्र थोडी फट पडलीय. एकतर्फी व्यापार उपायांवर चर्चा घ्या असं भारत, चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका सतत सांगत होते, ते अजेंड्यावर येऊच देत नव्हते. नोव्हेंबर २०२५ ला बेलेमला निदान एवढं ठरलं की पुढची तीन वर्षं यावर रीतसर संवाद होणार. संवादच आहे, बंधनकारक काही नाही, पण आधी तेवढंही नव्हतं.

रबाळेकर:
मग मी परत माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. सीबीएएमच्या नियमातच सोय आहे की मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर तेवढी वजा होते. मग ती आपणच का लावू नये? आपल्या सरकारची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम २०२३ ला अधिसूचित झालीय. ती नीट चालवा, वसुली इथे ठेवा, त्यातून मिलना भट्ट्या बदलायला आणि आमच्यासारख्यांना मोजमापाला मदत द्या. आणि युरोपकडे मागायचं तर हे मागा की आमची स्कीम मान्य करा, आकडे तपासणारे आमचे व्हेरिफायर मान्य करा, आणि तरीही तुम्ही जे गोळा कराल ते इथल्याच उद्योगाच्या बदलासाठी परत पाठवा. नुसतं "सीबीएएम रद्द करा" हे मला आता पोकळ वाटायला लागलंय.

वागळे_इस्टेट:
रबाळेकर, तुमची तळमळ कळते. पण किंमत इथे लावली की ती फक्त युरोपला जाणाऱ्या बोल्टला लागत नाही. आपलं बहुतेक पोलाद इथेच खपतं. ऐरोलीच्या पुलाला, मेट्रोला, घरकुलाच्या सळईला, सगळ्यालाच लागेल. थोड्याशा निर्यातीपायी सगळ्या देशाची सळई महाग करायची?

तळोजा_भट्टी:
काका, स्कीम जशी आखलीय त्यात सगळ्या धुरावर कर नाहीये. मोठ्या कारखान्याला टनामागच्या उत्सर्जनाचं उद्दिष्ट देतात, त्याहून कमी केलं तर क्रेडिट मिळतं, जास्त झालं तर विकत घ्यायचं. म्हणून बोजा तुम्ही म्हणता तेवढा नाही पडणार. पण त्याचमुळे रबाळेकरांची अडचण होते, कारण बहुतेक धुराला किंमतच लागली नाही तर युरोप वजा काय करणार? थोडंसंच. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्याही केली, टनाला २.२ टनांच्या खाली असेल तर हरित. सरकारने स्वतःच्या पुलांसाठी, मेट्रोसाठी तेच पोलाद घ्यायचं ठरवलं तर मिल धावत येऊन आकडे देतील. युरोपच्या आधी आपल्या टेंडरमध्ये अट पाहिजे.

खाडीकिनारा:
हे पटलं. टेंडरवाला मुद्दा.

वागळे_इस्टेट:
टेंडरची अट मलाही चालेल. इथला नियम इथल्या लोकांनी करायचा, मग तो कडक का असेना. करावरचं माझं मत मात्र कायम.

रबाळेकर:
मंडळी, ताजी खबर. मिलच्या विक्रीवाल्या माणसाला प्रत्यक्ष जाऊन भेटलो, टॅगचे फोटो दाखवले. त्याने वरती विचारून एका ग्रेडचा आकडा लेटरहेडवर दिला, दुसऱ्या ग्रेडला "प्रक्रियेत आहे". दिलेला आकडा शीटमध्ये भरून जर्मनीला पाठवला. उत्तर आलं, छान, पण आता २०२६ च्या मालाला आकडा मान्यताप्राप्त व्हेरिफायरकडून तपासून हवा आणि त्याने एकदा कारखान्यात येऊन बघायला हवं. त्याची फी एकट्या युनिटला झेपणारी नाही. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथले कोणी फास्टनर किंवा फोर्जिंगवाले युरोपला माल पाठवत असतील तर निरोप करा, एकाच फेरीत चार-पाच युनिट करून घेता येतात का ते विचारतोय. मीनलताई, तुम्हाला फोन केला तर चालेल का?

मीनल_सीवूड्स:
चालेल, शनिवारी सकाळी करा. मिलचं ते पत्र आणि हीट नंबरची यादी जवळ ठेवा. आणि जॉबवर्कवाल्याची गॅसची बिलंही मागून घ्या, लागली तर हाताशी असतील.